जखम नसताना गोठणारं रक्त

ह्यांचे डोळे लहानपणापासून पिवळे होते. शाळेतली पोरं ह्यांना हळद्या म्हणायची. मी ह्यांच्या मामाची मुलगी. उन्हाळ्याच्या सुटीत मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावी जायची, तेव्हा मीही हळद्याच म्हणायची. हे कधी रागवले नाहीत. अंगानं उंच, काटकुळे, हाताची बोटं लांबच लांब. पाणी प्यायचे ते तांब्यामागून तांब्या. कुणी हसलं तर म्हणायचे, "मले तहानच लय लागते बाप्पा, तुमच्या बापाच्या विहिरीचं त नाई पेत!"

हिवाळा आला की मात्र हे हसणं बंद व्हायचं. एखाद्या सकाळी उठतानाच गुडघ्यात कळ यायची, मग पाठीत, मग कोपरात. तोंडात आईच्या पदराचा बोळा धरून पडलेला एवढा मोठा मुलगा मी दारातून पाहिला आहे. चार-पाच दिवसांनी कळ जशी आली तशी निघून जायची, आणि हे पुन्हा दप्तर घेऊन शाळेत.

ह्यांची आई म्हणजे माझी आत्या. तिला ह्यांच्याशिवाय आणखी दोन मुलं झाली होती. दोन्ही रांगत्या वयात गेली. आधी हातापायांचे पंजे सुजले, मग पोट वाढलं, मग ताप. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे देवीचा कोप. आत्यानं तेव्हा नवस केले, कोंबडी कापली, भगताकडून अंगारा आणला. पुढे नागपूरच्या दीक्षेनंतर आमच्या सगळ्या भावकीनं घरातले देव नदीत सोडले. आत्यानं देवीचा पाट स्वतः डोक्यावर वाहून नेला. परत येऊन म्हणाली, "आता करनी नाई अन् देवी बी नाई. मंग माह्ये लेकरं कायनं गेले, हे कोनाले इचारू?"



ह्यांनी मॅट्रिक केली, अमरावतीला मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं. तेव्हा आत्या माझ्या वडिलांकडे आली आणि मला मागितलं. मी आत भाकरी थापत होते, ऐकू येत होतं.

"भाऊ, पोट्टी मले दे. बाहेरची आली त त्याचं दुखनं पाहून पयून जाईन. हे घरची हाय. समजून घेईन."

वडील म्हणाले, "दिली."

मी सातवी पास होते. मला विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. ह्यांच्यासारखं बोलणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. त्रिशरण-पंचशील म्हणून, एका हाराचं लग्न झालं.

मेळघाटात जायला तेव्हा कुणी मास्तर तयार नसे. म्हणून ह्यांना नोकरी लगेच मिळाली. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं अचलपूर, तिथून परतवाडा, परतवाड्याहून घाटानं धारणीची बस, आणि धारणीच्या पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर बैलगाडी. गाव निम्मं कोरकू आदिवासींचं. निम्म्यात बाजारपेठ, तीसुद्धा पाच-सहा दुकानांची. त्यांतल्या किराणा दुकानदाराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या. दुकानदार तसा बरा माणूस. आम्ही कोण आहोत हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मास्टर है, सरकारी आदमी है. रहो." त्याच्या विहिरीवर मला घागर बुडवू दिली. माझ्या माहेरी आम्हाला विहिरीपाशी उभं राहून दुसऱ्यानं वरून ओतायची वाट बघावी लागे. त्या विहिरीचा दोर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तळहाताला लागलेला काथ्या मला अजून आठवतो.

ह्यांनी कोरकू भाषा वर्षभरात शिकून घेतली. आधी कोरकूत सांगायचे, मग मराठीत. दाढी रोज करायचे, सदऱ्याची कॉलर स्वच्छ लागायची. शाळा कुडाची होती, पण आत पाऊल टाकलं की सारवलेल्या जमिनीवर एक कचरा दिसायचा नाही. त्या दिवसांत आम्ही सुखी होतो. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण ते दिवस थोडे होते.

हिवतापानं त्या भागात सगळ्यांनाच गाठलेलं. ह्यांना ताप आला की पाठोपाठ हाडांची कळ यायचीच. आणि मग एका पावसाळ्यात नवी चप्पल डाव्या घोट्याला चावली. आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर. एवढासा फोड. तो फुटला, आणि भरला नाही.

मी हळद लावली. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं. धारणीच्या दवाखान्यातून सल्फाची भुकटी आणली, मलम आणलं, पेनिसिलीनची इंजेक्शनं झाली. जखम चार दिवस सुकल्यासारखी व्हायची, आठव्या दिवशी पुन्हा ओली. कडा जाड, भोवतीची कातडी काळी आणि चकचकीत. हळूहळू ती रुपयाएवढी झाली, मग तळहाताएवढी. हे मोजे घालू लागले. पट्टी मोज्याच्या आत, वर कॅनव्हासचे बूट. पण वास लपत नव्हता. वर्गात हे खिडकीपाशी उभं राहून शिकवू लागले.

आधी दुकानदाराच्या मुलांचं शाळेत येणं थांबलं. मग शेजारच्या दुकानातल्यांचं. कोरकूंची मुलं येत राहिली. मी विहिरीवर गेले तर दुकानदाराची बायको आधीच तिथं उभी. तिनं दोर माझ्या हातात दिला नाही. म्हणाली, "घागर खाली ठेव. मैं डाल देती हूँ."

मी घागर खाली ठेवली. तिनं वरून पाणी ओतलं. एवढ्या वर्षांनंतर पुन्हा तेच. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं नाही, पण माझं तोंड बघून ह्यांना समजलं.

"जातीवरून हाय का?" ह्यांनी विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "पायावरून हाय. त्याइले महारोग वाटून राहिला."

ह्यांनी पाय जवळ ओढून पट्टी नीट केली. मग म्हणाले, "जात त मले सोडता आली. हा पाय कोठी सोडू?"

धारणीच्या डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला सांगून घोट्याभोवती कापसाचा बोळा फिरवला, सुई टोचली, कानाच्या पाळ्या आणि कोपराच्या शिरा चाचपल्या. म्हणाले, "महारोग नाही. महारोगाच्या जखमेला टोचलेलं कळत नाही. ह्यांना तर फुंकर घातली तरी कळते आहे."

"मंग हे काय हाय, साहेब?"

"ते मला सांगता येत नाही. अमरावतीला जा."

गावात येऊन हे डॉक्टरांचं बोलणं सांगत फिरले. कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही. पण मुलं आली नाहीत. मग बाजाराच्या दिवशी, सगळी माणसं जमलेली असताना, हे शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले. बूट काढला, मोजा काढला, पट्टी सोडली. मी आमच्या पोरीला कडेवर घेऊन दुकानाशी उभी होते. पोर तेव्हा वर्षाची होती. माणसं आधी मागे सरली, मग कुतूहलानं पुढे आली. ह्यांनी बाभळीचा एक लांब काटा दुकानदारापुढे धरला.

"शेटजी, टोचा."

"अरे गुरुजी, ये क्या कर रहे हो?"

"महारोगाच्या जखमेले समजत नाई. डोळे मिटतो मी. तुमी टोचा. कुठी टोचलं थे मी सांगतो."

दुकानदार हात मागे घेऊ लागला. ह्यांनी त्याचा हात धरला नाही, फक्त काटा तसाच पुढे धरून ठेवला. "तुमचे पोट्टे शाळेत येत नाईत. आज टोचा, नाईत उद्यापासून मले मास्तर म्हनू नका."

शेवटी त्यानं टोचलं. अगदी हलकं, कडेला. हे म्हणाले, "वरच्या बाजूनं." दुसऱ्यांदा टोचलं. "टाचेकडं." कुणीतरी मागून ओरडलं, "बीच में! बीचोबीच टोचो!" आणि दुकानदारानं, घाबरला होता म्हणून की काय, नको तेवढा जोर लावला. ह्यांच्या घशातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. डोळ्यांतून पाणी घळघळ वाहायला लागलं, तरी हे पाय धरून बसले होते आणि म्हणत होते, "मधात. मधात टोचलं. पाह्यलं ना सगळ्याइनं? मधात."

दुकानदारानं काटा फेकला. "लगता है इसको," तो लोकांना म्हणाला. "भाई, इसको तो बहुत लगता है." आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलं शाळेत आली. मला घागर बुडवू दिली. ह्यांना वाटलं, जिंकलो. मला त्या माणसाचा, त्या गावाचा, आणि खरं सांगायचं तर ह्यांच्याही हट्टाचा इतका राग आला होता की दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. कुणाला तरी आपलं दुखणं खरं आहे हे पटवायला माणसानं किती दुखवून घ्यायचं?

त्याच हिवाळ्यात पोरीचे हात सुजले.

आत्या तेव्हा आमच्याकडे आली होती. सकाळी पोर रडत उठली. दोन्ही पंजे फुगलेले, बोटं ताठ, हात लावू देईना. मला वाटलं, काही चावलं असेल. आत्यानं ते हात पाहिले आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी विचारत राहिले, "आत्या, काय झालं? सांगा ना, काय झालं?"  शेवटी एवढंच म्हणाली, "अमरावतीले चाल. आजच चाल."

घाटातून खाली येणारी ती बस मला कधी विसरता आली नाही. ह्यांना थंडीनं कळ सुरू झालेली, पोर माझ्या मांडीवर रडून रडून दमलेली, आणि आत्या खिडकीबाहेर बघत बसलेली. प्रत्येक वळणावर ह्यांचा चेहरा आवळायचा. 

अमरावतीच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नागपूरला शिकून आलेले. त्यांनी ह्यांचे डोळे पाहिले, जखम पाहिली, पोरीचे पंजे पाहिले, आणि जखमेबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते वेगळंच. "तुमच्या भावंडांत कुणी लहानपणी गेलं का?"

आत्यानं सांगितलं. हातपाय सुजले ते, पोट वाढलं ते, सगळं.

"आणि तुम्ही दोघं नात्यातली?"

"मामाची पोरगी हाय," हे म्हणाले.

त्यांनी आम्हा चौघांच्याही बोटांतून रक्ताचा थेंब घेतला. काचेवर ठेवून वर पातळ काच बसवली, कडा मेणानं बंद केल्या, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आधी काहीच दिसेना. मग त्यांनी चाक फिरवलं. फिकट पिवळसर उजेडात गोल गोल चकत्या दिसतील असं ते म्हणाले होते. मला गोल फार थोड्या दिसल्या. बाकीच्या वाकड्या, टोकदार. ज्वारी कापायचे विळे कुणी जमिनीवर पसरून ठेवावेत तशा.

"हे तुमच्या यजमानांचं रक्त," डॉक्टर म्हणाले. "चांगल्या रक्ताच्या पेशी मऊ असतात, बारीक नळीतून दुमडून निघून जातात. ह्या वाकतात, कडक होतात, अडकतात. अडकल्या की पुढे रक्त जात नाही. जिथं जात नाही तिथं कळ उठते. घोट्यावर रक्त पोचत नाही, म्हणून जखम भरत नाही."

"पोरीचं?"

त्यांनी मान खाली घातली. "तिचंही असंच आहे. तुमच्यात आणि सासूबाईंत निम्मं आहे. निम्म्यानं माणूस आजारी पडत नाही. पण मुलाला देऊ शकतो. आईकडून निम्मं आणि वडलांकडून निम्मं आलं की पुरं होतं."

आत्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "औषध?" तिनं विचारलं.

"नाही, आजी. थंडी लागू देऊ नका, पाणी भरपूर प्यायला द्या, ताप आला की लगेच दवाखान्यात आणा. एवढंच."

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि पहिल्यांदा रडली. तिची लेकरं कशानं गेली ते तिला कळलं होतं. आणि मला मागताना तिनं काय मागितलं, तेही.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिला दोष द्यावा असं काही नव्हतं. त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ह्यांनी बदलीसाठी खटपट केली. दीड-दोन वर्षांनी मूर्तिजापूरच्या बाजूला शाळा मिळाली. काळ्या मातीचा सपाट मुलूख, उन्हाळा कडक पण हिवाळा सोसण्यासारखा. हे पाय वर करून झोपू लागले, घोट्यावर मी रोज घट्ट पट्टी बांधायची. आणि खरंच, तीन वर्षं वाहणारी जखम एका हिवाळ्यात भरली. काळा, चकचकीत वण राहिला. हे तो दिवसातून दहा वेळा बघायचे. दाढी करून झाली की आरसा खाली पायाशी धरायचे.

एकदा संध्याकाळी पोर ओसरीवर खेळत होती. हे म्हणाले, "हिले डाक्टर करू. काचेखाली सोताचं रक्त पायन अन् सोताच औषध शोधन."

"आधी तिले शाळेत त जाऊ द्या," मी म्हटलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ह्यांना ताप आला. हिवताप असावा. तीन-चार दिवस पडून होते, पाणीही पोटात ठरेना. मग उजव्या पोटरीत गोळा आल्यासारखं झालं. डावा पाय नव्हे, जखमेचा नव्हे. उजवा, ज्याला कधी काही झालं नव्हतं. पोटरी ताठ, गरम, बोट लावलं की ओरडायचे. मी तेल लावायला गेले तर आत्यानं हात धरला. "चोयू नको. अकोल्याले चाल."

दुपारच्या गाडीनं आम्ही अकोल्याला पोचलो. दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. व्हरांड्यात गादी टाकून दिली. डॉक्टर आले, पाय पाहिला, बाटली लावा म्हणाले. नर्स सामान आणायला गेली. हे उशीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "पोरगी कोठी हाय?" मी म्हटलं, "आत्याजवळ हाय, बाहेर झाडाखाली." हे म्हणाले, "तिले ऊन लागू देऊ नको." मग एकदम छातीवर हात ठेवला. श्वास घेता येईना. खोकले, तर सदऱ्यावर रक्त आलं. ती स्वच्छ कॉलर. मी ओरडले. नर्स बाटली घेऊन धावत आली तोवर हे माझ्या हातावर कलंडले होते.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते माझ्याजवळ जमिनीवर उकिडवे बसले. म्हणाले, "बाई, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटली आणि फुप्फुसात जाऊन अडकली. आमच्या हातात काही राहिलं नाही."

मी विचारलं, "त्या पायाले त काहीच लागलं नव्हतं. जखम नव्हती. मंग रक्त गोठलं काहून?"

ते म्हणाले, "ते आम्हालाही नीट कळत नाही."

हा प्रश्न माझ्या मनातून पुढे कितीतरी वर्षं गेला नाही. रक्त गोठतं ते जखम बंद करायला, एवढं मला ठाऊक होतं. विळ्यानं बोट कापलं की थोड्या वेळात रक्त थिजतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण न कापलेल्या पायात, कातडीच्या आत, ते कुणासाठी गोठलं? उत्तर मिळालं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. मुलीच्या तपासणीला गेले होते, तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मला समजेल असं सांगितलं.

त्या म्हणाल्या, रक्तातल्या पेशी झिजतात, तुटतात, तेव्हा त्यांच्या सालीचे अतिशय बारीक कण सुटून रक्तात फिरतात. साध्या सूक्ष्मदर्शकात ते दिसतही नाहीत. पूर्वी परदेशातल्या काही डॉक्टरांना ते रक्तातली नुसती धूळ वाटले होते. पण ती धूळ नाही. पेशीच्या सालीला आतली बाजू असते आणि बाहेरची असते. आतल्या बाजूला जे पदार्थ असतात ते एरवी रक्ताला दिसत नाहीत. कण सुटतो तेव्हा साल उलटते आणि आतलं बाहेर येतं. रक्ताला ते दिसलं की त्याला वाटतं, कुठेतरी फाटलंय, कुठेतरी जखम आहे. आणि ते त्या कणाभोवती गोठायला लागतं. निरोगी माणसाच्या रक्तातही असे कण असतात, थोडे, आणि खरी जखम झाली तर ते कामाचेच. पण विळ्यासारख्या पेशी रोजच तुटत असतात. ह्यांच्या रक्तात ते कण सारखे सुटत राहिले असणार; ताप आला, पाणी कमी पडलं की आणखी जास्त.

"आणि सूज?" मी विचारलं. "पोरीचे हात? ती पोटरी गरम कशी झाली?"

"हेच कण शिरेच्या आतल्या अस्तराला चिकटतात," त्या म्हणाल्या. "अस्तर चिडतं. पांढऱ्या पेशी धावून येतात, जणू जंतू शिरलेत. सूज येते, आग होते. सुजलेल्या अस्तरावर आणखी पेशी अडकतात, तुटतात, आणखी कण सुटतात. एकातून दुसरं. जखम नसताना शरीर जखमेशी लढत बसतं."

मी त्यांना म्हटलं, "आमच्या गावात ह्यांना काट्यानं टोचून दाखवावं लागलं होतं." त्यांना काही समजलं नाही. मीही पुढे सांगितलं नाही.

ह्यांच्यानंतर मला शिक्षिकेची नोकरी मिळाली, आधी तात्पुरती, मग ट्रेनिंग घेऊन पक्की. अकोल्यात एक खोली घेतली. आत्या माझ्याकडेच राहिली. मी शाळेत गेले की ती पोरीला सांभाळायची. दर हिवाळ्यात पोरीला कळ यायची. आत्या वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि गुडघ्यांना शेक द्यायची. पाणी पाजायचा तर तिला नादच लागला होता. गल्लीतली पोरं आत्याला तांब्यावाली म्हणायची.

एकोणीसशे साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी आईच्या भावाची. आमच्यात मामाची मुलगी म्हणजे पहिला हक्क. बोलणी ठरवायला सगळे मामाच्या घरी जमले. मुलगी चहा घेऊन आली. आत्या जागची उठली, तिच्यापाशी गेली आणि बोटानं तिच्या डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली. मुलगी गोंधळली. 

"भाऊ," आत्या माझ्या वडिलांना म्हणाली, "दोघाइचं रक्त अमरावतीले दाखव. मंग लगन कर."

माझी आई उसळली. "माह्या भावाच्या पोरीत खोट काढून राहिली का तुमी?"

"खोट नाई काढत. तपास म्हनतो."

वडील म्हणाले, "चार लोकाइत मुलीचे डोये पाहून तू काय करून राहिली, समजते का तुले? तुनं माही पोरगी मांगितली तवा म्या इचारलं होतं का रक्ताचं?"

आत्याचा आवाज चढला नाही. "तवा मले ठावं नव्हतं. तुले बी ठावं नव्हतं. म्हनून मांगितली, अन् तुनं देल्ली. आता ठावं हाय. ठावं असून कराल त थे पाप कोन्या देवावर ढकलाल? देव त नदीत सोडले आपन."

 लग्न मोडलं नाही. तारीख ठरली. आईनं आत्याला आणि मला निरोप पाठवला, तोही एका शेजाऱ्याच्या तोंडी: यायचं तर या.

आम्ही गेलो नाही. त्या दिवशी पोरीला ताप होता आणि दोघींनाही तिच्याजवळून हलता आलं नसतं. पण ताप नसता तरी आत्या गेली नसती, आणि मीही.

लग्नानंतर पंधरवड्यानं, भर दुपारी, धाकटा भाऊ दारात उभा. मागे डोक्यावरचा पदर सावरत नवी नवरी. मी पाणी दिलं. त्यानं आत्याकडे पाहायचं टाळत मला विचारलं, "ताई, अमरावतीले रक्त कुठी पायतात?"

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन गेले. पोरीला घेऊन आत्याही आली. तेच डॉक्टर, आता थोडे स्थूल झालेले. काचा बंद करून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी बोलावलं. नवरीचं रक्त पुरं विळ्यांचं निघालं. भावाचं चांगलं होतं, निम्मंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मुलांना निम्मं जाईल, ती आजारी पडणार नाहीत. पण हिला जपावं लागेल. बाळंतपणात तर फार.

भावानं ते दोनदा सांगायला लावलं. मग बाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिला. नवरी माझ्या मागे, मान खाली. अठरा-एकोणीसची असेल. तिला आतापर्यंत वाटत होतं की सगळ्यांचेच गुडघे दुखतात, सगळे सोसतात, आपणच रडतो.

आत्या तिच्याजवळ गेली. "चाल," म्हणाली, "सावलीत बस. ऊन लय हाय."

पोरीला घेऊन आम्ही तिघी बसथांब्याच्या पत्र्याखाली बसलो. भाऊ तिकिटं काढायला गेला.